तळमजल्याची थकबाकी

सुरुवातीलाच सांगते, बेरीज जुळली होती. शहात्तर हजार सातशे. वहीत तेवढीच, माझ्या तक्त्यातही तेवढीच. पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूने बोलणारी ही एकच गोष्ट आहे, म्हणून आधी सांगून टाकते. नंतर सांगायचं धैर्य राहील असं नाही.

मी एका ऑडिट फर्ममध्ये शिकाऊ आहे. त्याआधी रसायनशास्त्र शिकले. प्रयोगशाळेत आम्ही दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत वजन करायचो, तेव्हा हिशोबातले दोन आकडे म्हणजे आपल्याला निवृत्तीच, अशा समजुतीने मी या क्षेत्रात आले. फर्ममध्ये पाच महिन्यांत मला एकच काम मिळालं. पावती आणि नोंद शेजारीशेजारी ठेवायची आणि जुळली की हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. अशा अकरा-एक हजार खुणा मी केल्या असतील. अकरा हजार वेळा दुसऱ्याला बरोबर म्हटलं की माणसाला कुणाला तरी चूक म्हणायची फार इच्छा होते.

ती संधी आमच्या सेक्रेटरीकाकांनी दिली. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे समोरचा माणूस थोडं कमीच देणार, हे ते गृहीत धरूनच चालतात. मला जिन्यात गाठून म्हणाले, "ऑडिटरबाई, बाहेरचे हिशोब बघता, जरा घरचेही बघा."

"काका, मी अजून शिकतेय."

"शिकतानाच माणूस फुकट मिळतो. एकदा शिकलं की फी लागते."

प्रकार असा होता. आमच्या इमारतीत सहा मजल्यांवर अठ्ठेचाळीस फ्लॅट. मेंटेनन्स महिना नऊशे. कोणी वेळेवर भरतं, कोणी भरत नाही. दर वर्षी बाहेरचे ऑडिटर अहवालात एक वाक्य लिहून जातात: 'थकबाकीची सभासदांकडून खातरजमा केलेली नाही.' सात वर्षं तेच वाक्य. काकांना ते वाक्य स्वतःच्या चारित्र्यावरचं वाटायचं. वार्षिक सभा महिन्यावर आली होती. खजिनदार मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने दुसऱ्या गावी गेले होते आणि जाताना हाताने लिहिलेली जाड वही काकांच्या ताब्यात देऊन गेले होते. दर फ्लॅटला एक पान.

"फक्त खातरजमा," काका म्हणाले. "एका रविवारचं काम."

मी आमच्या सरांना विचारलं. सर कमी बोलतात आणि बोलताना पेनाचं टोपण घालतात-काढतात. म्हणाले, "पत्रं दोन तऱ्हेची असतात. एकात विचारायचं, तुमची बाकी किती ते कळवा. लोक कळवत नाहीत. दुसऱ्यात आपणच आकडा घालायचा आणि लिहायचं, मान्य नसेल तरच कळवा. गप्प राहिलात तर मान्य समजू."

"गप्प राहिलं की मान्य?"

"कागदावर तरी." टोपण घातलं. "पण त्यात आपला आकडा पक्का हवा."

शेवटचं वाक्य मी ऐकलं. लिहून मात्र घेतलं नाही.

रविवारी वहीवरून अठ्ठेचाळीस ओळी संगणकात भरल्या. एका रकान्यात फ्लॅटचा नंबर, दुसऱ्यात बाकी. सतरा जणांकडे बाकी होती, एकतीस जणांकडे शून्य. बेरीज घेतली, वहीशी जुळली. मग मोठ्या रकमा वर याव्यात म्हणून आकडे उतरत्या क्रमाने लावले. पुन्हा बेरीज घेतली, पुन्हा जुळली. या वेळी हिरवी पेन्सिल मी स्वतःसाठी वापरली.

तक्त्याकडे पाहिलं आणि मला एक शोध लागला. सगळी थकबाकी खालच्या मजल्यांवर होती. तळमजल्यावर सर्वांत जास्त, पहिल्यावर त्याहून कमी, दुसऱ्या मजल्यावरच्या पहिल्या दारात जेमतेम दोनशे, आणि तिथून वर थेट गच्चीपर्यंत स्वच्छ शून्य. मी लगेच आलेख काढला. आडव्या अक्षावर फ्लॅटचा नंबर, उभ्या अक्षावर बाकी. रेघ इतकी सुरेख उतरत गेली की बी.एस्सी.च्या तीन वर्षांत माझ्या एकाही प्रयोगाची तशी उतरली नव्हती. तिथे अशी रेघ आली की बाई प्रयोगवही बाजूला ठेवायच्या आणि विचारायच्या, कोणाची उतरवलीस. इथे विचारायला बाई नव्हत्या. मी निष्कर्षही काढला: खालची माणसं लिफ्ट वापरत नाहीत, म्हणून मेंटेनन्स द्यायला कुरकुरतात. उंची वाढते तसा प्रामाणिकपणा वाढतो.

सेक्रेटरीकाका पाचव्या मजल्यावर राहतात. त्यांना हा निष्कर्ष ताबडतोब पटला.

"हे बोर्डावर लावू," ते म्हणाले.

मी नको म्हणाले होते असं आठवायला मला आवडेल. प्रत्यक्षात मी विचारलं होतं, "रंगीत काढू का?"

आलेख तळमजल्यावरच्या सूचनाफलकावर लागला. त्याखाली सतरा नंबरांची यादी. सोसायटीच्या लेटरहेडवर अठ्ठेचाळीस पत्रं छापली. 'आमच्या नोंदीनुसार आपणाकडून अमुक रक्कम येणे आहे. दहा दिवसांत लेखी हरकत न आल्यास ती आपणास मान्य आहे असे समजण्यात येईल.' खाली माझी सही, आणि सहीखाली 'मानद लेखा तपासनीस' असा शिक्का. तो काकांनी पदरचे पैसे घालून करवून आणला होता. पत्रं मी स्वतः दाराखालून सरकवली. आमच्याही. आमचा फ्लॅट वीस नंबरचा, दुसऱ्या मजल्यावर, बाकी शून्य. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि माझ्याकडे जरा विचित्र मायेने पाहिलं. मला वाटलं, मुलीची सही छापील कागदावर पाहून बापाला भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घंटा वाजायला लागली.

तीन नंबरच्या प्राध्यापकांनी चार पानी उत्तर आणलं, तळटीपांसह. नऊ नंबरचे विमा एजंट म्हणाले की ते स्वतः लोकांना हप्ते भरायला लावतात, त्यांचा हप्ता राहील कसा. बारा नंबरच्या आजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात बारा वर्षांच्या पावत्या होत्या, सालवार, दोऱ्याने बांधलेल्या.

"मोज," त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"आजी, लेखी हरकत द्या. पावत्या योग्य वेळी मागवल्या जातील."

"योग्य वेळ कधी असते गं? मी ब्याऐंशीची आहे."

मी एक हरकत-नोंदवही सुरू केली होती. तीत लिहिलं: 'फ्लॅट १२. हरकत तोंडी. आवाज चढा. पुरावा सोबत, पाहिला नाही.' शेवटचे दोन शब्द मी तेव्हा शिस्त म्हणून लिहिले होते.

वरच्या मजल्यांवर मात्र माझं भलतंच कौतुक सुरू झालं. जी माणसं लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभी राहायची ती आता माझ्यासाठी दार धरून ठेवू लागली. चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारख्या मुली पाहिजेत. कधीही या, दात साफ करून देतो. पैसे नकोत." सल्लेही वरूनच आले. एकजण म्हणाले, खालच्यांचं पाणी बंद करा. दुसरे म्हणाले, पाणी नको, माणुसकी म्हणून काही आहे की नाही, फक्त त्यांच्या गाड्यांची हवा काढा.

आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "सोळा माणसं एकदम खोटं बोलतील का गं?"

"आई, थकबाकीदाराची पहिली अवस्था नकाराची असते."

"हे पुस्तकात आहे?"

पुस्तकात नव्हतं. मीच त्या क्षणी तयार केलं होतं. पण माझ्या तोंडून ते इतकं छापील निघालं की आई पुन्हा भाजीकडे वळली.

सोळा म्हणाली, कारण सतरापैकी एक घर काहीच बोललं नव्हतं. एक नंबर, टेलरकाकू. यादीत सर्वांत वरचं नाव आणि सर्वांत मोठा आकडा, सोळा हजार दोनशे, म्हणजे अठरा महिने. काकू एकट्या राहतात. पुढच्या खोलीत दोन मशिनी, एक साधी आणि एक कापडाच्या कडा शिवणारी ओव्हरलॉक. दार दिवसभर उघडं असतं. सूचनाफलक त्या दाराच्या समोरच्या भिंतीवर आहे, त्यामुळे मशीनवर बसून मान वर केली की त्यांना माझा आलेख दिसायचा. मी येता-जाता त्या मान वर करायच्या आणि पुन्हा खाली घालायच्या. मी ते अपराधीपणाचं लक्षण मानलं आणि मनातल्या मनात त्यांना गुणही दिले. निदान आरडाओरडा तरी करत नाहीत.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, काकूंनी सेक्रेटरींकडे जाऊन सोळा हजार दोनशे रोख भरले. काकांनी मला बोलावून पावतीचं दुसरं पान दाखवलं. "तुझ्या पत्राचा गुण," म्हणाले. त्या रात्री मी फार शांत झोपले, हेही हिशोबात धरलं पाहिजे.

रविवारी सकाळी काका वही घेऊन दारात उभे. "ऑडिटरबाई, एक बारीकसा घोळ आहे. पैसे जमा दाखवायला एक नंबरचं पान उघडलं, तर तिथे बाकीच नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला नऊशे, नऊशे, नऊशे. खजिनदारांनी वही चुकीची लिहिली असणार, नाही का? संगणक तर चुकत नाही."

मी पान पाहिलं. मग दोन नंबरचं पाहिलं. मग तीन. तीनमध्ये प्राध्यापकांची बाकी शून्य होती, तळटीपांसकट. मग पानं भराभर उलटली. सोळा हजार दोनशे सापडले छत्तीस नंबरच्या पानावर. चौथा मजला, दातांचे डॉक्टर.

मी संगणक उघडला आणि काय झालं ते दोन मिनिटांत समजलं. आकडे उतरत्या क्रमाने लावताना मी फक्त आकड्यांचा रकाना निवडला होता. आकडे वरखाली झाले, फ्लॅटचे नंबर जागच्या जागी राहिले. सर्वांत मोठी बाकी एक नंबरच्या नावावर, त्याच्या खालची दोनच्या, आणि असं करत सतरापर्यंत. एखाद्या वर्गाचे गुण मोठ्यापासून लहानापर्यंत लावावेत आणि हजेरीपटावरच्या पहिल्या मुलाला पहिला नंबर द्यावा, तसं. कोणीही कुठेही राहो, बेरीज जुळणारच होती. आणि हे करण्याआधी संगणकाने मला चौकट काढून विचारलं होतं, शेजारचा रकानाही सोबत हलवायचा का. मी न वाचता नको म्हटलं होतं. यंत्राला जबाबदार धरायची ती एक शेवटची वाट होती, तीही मीच बंद केली होती.

काका म्हणाले, "मग वही चूक की संगणक?"

"मी, काका."

त्यांनी हे उत्तर थोडा वेळ तोललं. "असा पर्याय मी धरला नव्हता," म्हणाले.

मी खाली गेले. काकूंच्या दारात उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ओव्हरलॉक मशीन जागेवर नव्हती. फरशीवर तिच्या आकाराचा एक उजळ चौकोन होता, त्यात रंगीत दोऱ्यांचे तुकडे अडकलेले.

"काकू, मशीन?"

"दिली. आता एक पुरे." त्या हाताने पडद्याची कड दुमडत होत्या.

मी सांगितलं. उभ्याउभ्या, सगळं, रकान्यांसह. रकान्यांची गरज नव्हती, पण माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच नेमकं होतं. काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली.

"म्हणजे माझी बाकी नव्हती?"

"एकही महिना नाही."

"मी भरत होते?"

"पाच तारखेला. दर महिन्याला."

त्यांनी दुमडलेली कड उलगडली आणि पुन्हा दुमडली. मला तेच सहन होईना. म्हटलं, "काकू, तुम्ही मला विचारलं का नाहीत? बाकी सगळे भांडून गेले."

"काय विचारू? तू छापून दिलंस, खाली सही. मी दोन दिवस पावत्या शोधल्या. अठरातल्या तीन सापडेनात. मग वाटलं, तीन नाहीत, तर बाकीच्या मला आठवतात त्या तरी खऱ्या कशावरून?" त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं. "माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी पैसे दिले की नाही ते विसरायची. मग गॅस. मग आम्हाला. परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय मी डावे कापले. तुझं पत्र आल्यावर. म्हटलं, झालं सुरू. आता किती दिवस काम जमणार, दोन मशिनी कशाला."

मी हरकत-नोंदवहीत या घराच्या नावापुढे लिहिलं होतं: 'हरकत नाही. मान्य.'

चूक दुरुस्त करणं हे चूक करण्यापेक्षा किती तरी जास्त कष्टाचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आधी पैसे परत द्यायचे. काका म्हणाले, "शनिवारी बँकेत भरले. काढायला दोन सह्या लागतात, माझी आणि खजिनदारांची. खजिनदार तिकडे पाळणा हलवतायत."

"कुरियरने चेक पाठवू."

"पाठवू. पण कोणत्या खात्याखाली? पावती फाडली म्हणजे पैसे रीतसर आले. रीतसर आलेले पैसे परत करायचे तर सभेचा ठराव हवा. किंवा पुढच्या अठरा महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ समजू."

"काका, त्यांनी मशीन विकून भरलेत."

"मशीन हा सोसायटीच्या हिशोबाचा विषय नाही," ते म्हणाले, आणि मग, त्यांच्या बाजूने हेही नोंदवते, खाली बघत राहिले.

मग मशीन. जुन्या मशिनी घेणाऱ्या दुकानदाराने ती चौदा हजारांना घेतली होती. उरलेले काकूंनी साठवणीतून घातले होते. मी गेले तेव्हा मशीन पुसून पुढे मांडलेली होती आणि तिच्यावर साडेसतराची चिठ्ठी होती.

"तीन दिवसांत साडेतीन हजार वाढले?"

"तेल घातलं, ताई. पुसली. जागा अडली. उद्या एक पार्टी बघायला येतेय."

मला महिन्याला सहा हजार मिळतात. मी बाबांकडे गेले. बाबांनी कपाटातून पैसे काढले, मोजले आणि हातात ठेवताना म्हणाले, "त्यातच आपले अठराशेही भरून टाक."

"कसले अठराशे?"

"दोन महिन्यांचा मेंटेनन्स राहिलाय ना. तुझ्या पत्रात शून्य आलं तेव्हा मला वाटलं, घरचं म्हणून सोडलंस. बरं नाही वाटलं. पण तू एवढ्या मायेने केलेलं, मोडायचं कसं?"

म्हणजे बापाला माझ्या सहीने भरून आलं नव्हतं. दहा दिवस आमच्या घरात एक माणूस मला लबाड समजत होता आणि त्यामुळे माझ्यावर जास्त माया करत होता. आई आतून म्हणाली, "गणितात शंभर पडायचे हिला. थोडे कमी पडले असते तरी चाललं असतं."

खरे थकबाकीदार उरलेच. त्यांच्या दाराची घंटा आता मी वाजवायची होती. दातांच्या डॉक्टरांनी माझं पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. "बाकी शून्य. सही तुमची. मी गप्प राहिलो, म्हणजे मला मान्य. तुमचीच अट आहे."

"डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं ना, तुम्ही अठरा महिने भरलेले नाहीत."

"मला वाटलं, माफी योजना आहे." ते हसले. दात उत्तम होते. मी एरवी वाद घातला असता, पण माझ्या घरातही एक माफी योजना होती, त्यामुळे जिना उतरले.

सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी टोपण काढलं आणि बराच वेळ घातलं नाही. "बेरीज जुळली म्हणजे फक्त बेरीज जुळली," म्हणाले. "बारा नंबरच्या बाई डबा घेऊन आल्या तेव्हा एक पावती काढून बघितली असतीस तर?"

"अर्ध्या मिनिटात कळलं असतं."

"आपला धंदा त्या अर्ध्या मिनिटाचा आहे. बाकीचं हस्ताक्षर." मग म्हणाले, "सभेत कोण सांगणार?"

"सेक्रेटरी म्हणतात, तांत्रिक कारणाने काही नोंदींत फेरबदल झाला, असं त्यांनी वाचून दाखवावं."

सर काही बोलले नाहीत. मी त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मान्यता असा घेतला नाही. तेवढं शिकले होते.

सभा गच्चीवर झाली. एरवी बारा-पंधरा माणसं येतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. मी उभी राहिले. सांगितलं की सतरा घरांना मी चुकीची पत्रं दिली. वही बरोबर होती, खजिनदार बरोबर होते, भांडायला आलेले सगळे बरोबर होते. एक नंबरकडे कधीही, एकाही महिन्याची बाकी नव्हती आणि नाही.

प्राध्यापकांनी तळटीप सातकडे माझं लक्ष वेधलं. विमा एजंट म्हणाले, अशा चुकांसाठीही विमा निघतो, सभेनंतर भेट. बारा नंबरच्या आजींनी डबा उघडला आणि पहिल्या पावतीपासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या सालापर्यंत कोणी थांबवलं नाही, मी तर नाहीच. काकूंचे पैसे परत करण्याचा ठराव एकमताने झाला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर चेक लिहिला, तारीख मात्र पुढची घातली. टेलरकाकू शेवटच्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, सभेला आलेल्या माणसांकडे बघत होत्या. माणसं वळून त्यांच्याकडे बघत होती आणि या वेळी त्या मान खाली घालत नव्हत्या.

मशीन मी आधीच आणून ठेवली होती, साडेसोळाला. दुकानदाराने तेलाचे पैसे सोडले. ठरावानंतर चौदा दिवसांनी चेक आला. मी नेऊन दिला. काकूंनी तो बघितला, डब्यात ठेवला आणि तो वटला की त्यातून मशिनीचे चौदा हजार मला द्यायचे ठरवले. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "चौदाला विकली, चौदाला घेतली. वरचे अडीच तुझे." हा हिशोब बिनचूक होता.

मग म्हणाल्या, "एक पत्र पाहिजे. तसंच. छापील, वर सोसायटीचं नाव, खाली तुझी सही."

"शिक्का नको ना?"

"शिक्का पण."

मी पत्र केलं. चार ओळींचं पत्र मी सात वेळा तपासलं. 'फ्लॅट क्रमांक एक यांच्याकडे कोणतीही बाकी नाही व नव्हती.' काकूंनी ओळीवरून बोट फिरवत वाचलं. "यात चुकलं कोण ते नाही," म्हणाल्या. मी तिथेच बसून पेनाने खाली लिहिलं: 'आधीच्या पत्रातला आकडा मी न तपासता लिहिला होता.' त्यांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं, शिलाईच्या दरांच्या पाटीशेजारी. गिऱ्हाइकं आधी दर वाचतात, मग मला. आई हल्ली पडदे शिवायला दुसरीकडे देते.

मी मात्र परवा त्यांच्याचकडे गेले. ऑफिसची पँट कमरेत सैल झाली होती. या महिन्यात माझं वजन घटलं आहे, किती ते अचूक सांगू शकते. काकूंनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. समोर माझी सही.

त्यांनी फीत कमरेभोवती फिरवली, आकडा पाहिला, वहीत लिहिला. मग थांबल्या. फीत पुन्हा फिरवली, पुन्हा पाहिलं, वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून जुळवलं. माझ्या शाळेच्या गणवेशापासून मी यांच्याकडे माप देतेय. काकूंनी दोनदा माप घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी वही माझ्यापुढे केली. "बरोबर लिहिलंय का बघ."

मी पाहिलं. फीत मागून घेतली, स्वतः धरली, पुन्हा पाहिलं.

"बरोबर आहे, काकू," मी म्हणाले. "पहिल्यांदा घेतलेलंच बरोबर होतं."